दिवे चालू, पंखे बंद

विट्याजवळच्या एका बंदिस्त पोल्ट्री शेडवर एप्रिल महिन्यात मला अलार्म बसवण्यासाठी बोलावले होते. अशा शेडमध्ये एका टोकाचे मोठे पंखे आतली हवा बाहेर ओढतात आणि दुसऱ्या टोकाच्या ओल्या पॅडमधून गार हवा आत येते. ऐन उन्हाळ्यात पंखे थांबले, तर विक्रीला आलेले ब्रॉयलर पक्षी थोड्याच वेळात धापा टाकून मरू लागतात. तिथला जुना बझर २३० व्होल्टवर चालणारा होता, म्हणजे वीज गेली की सर्वांत आधी तोच बंद पडायचा.

१२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी, तिला कायम जोडलेला चार्जर, फ्यूज आणि भोंगा एवढे सामान पुरेसे होते. विचार करावा लागला तो रिलेचा, म्हणजे वीज मिळाली की ओढला जाणाऱ्या आणि वीज तुटली की सुटणाऱ्या स्विचचा. थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान पाहून हा रिले चालवणारे यंत्र, कूलिंग मोडवर असेल, तर उष्णता वाढल्यावर रिले ओढला जातो. पण थर्मोस्टॅटचाच पुरवठा तुटला, तर रिले ओढणार कोण? म्हणून मी तो मुद्दाम हीटिंग मोडवर टाकून ३३ अंशांवर सेट केला. शेड गार असेपर्यंत रिले ओढलेलाच राहतो आणि तापमान चढले काय किंवा वीज गेली काय, तो सुटून कॉमन व एनसी (रिले सुटलेला असताना कॉमनला जोडलेले) हे टर्मिनल जुळतात. बॅटरीचा प्लस फ्यूजमधून कॉमनला आणि एनसीवरून भोंग्याला दिला. सेन्सर गरम पाण्याच्या पेल्यात धरला, तेव्हा आकडा ३३ वर येताच आतून ‘टक्’ असा आवाज आला आणि भोंगा सुरू झाला. वीज गेल्यावर जनरेटर भार घेईपर्यंत उगाच कल्लोळ नको, म्हणून मध्ये भोंगा थोडा उशिराने वाजवणारा एक टायमरही घातला. सारखा ठणाणा करणारा अलार्म शेडवरची पोरे वायर काढून गप्प करतात, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे.

पुढे बोअरच्या स्टार्टरच्या कामासाठी मी तिथेच गेलो असताना भर दुपारी भोंगा वाजला. शेडमधले दिवे चालू होते, थर्मोस्टॅटचा आकडाही दिसत होता, त्यामुळे कामगार पोरगा म्हणाला, “दादा, लाइट तर हाय की!” डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीत, विजेच्या तीन फेजपैकी वाय फेजचा फ्यूज उडाला होता. एखादी फेज गेली की मोटर बंद करणाऱ्या सिंगल फेज प्रिव्हेंटरने सगळे पंखे बंद पाडले होते; पण दिवे, थर्मोस्टॅट आणि जनरेटरचे ऑटो पॅनेल बी फेजवर असल्याने जनरेटरला वीज गेल्याचे कळलेच नव्हते. मेन स्विच पाडून आम्ही जनरेटरवर भार घेतला आणि पंखे फिरू लागले. पक्षी चोची उघडून भिंतींकडे सरकले होते, तरी मरतूक झाली नाही.

मात्र तापमान ३३ वर पोहोचेपर्यंतचा वेळ वायाच गेला होता. त्याच संध्याकाळी पॅनेलमध्ये तिन्ही फेजवर लक्ष ठेवणारा फेज-फेल्युअर रिले बसवला आणि त्याचा एनसी थर्मोस्टॅटच्या एनसीला समांतर जोडून दोघांनाही त्याच बॅटरीवर आणि त्याच भोंग्यावर घेतले.