आमची वाटचाल: शिनाणे, खाडी आणि टाकी

मालवण पट्ट्यातल्या खाडीत दोरावर शिनाणे, म्हणजे खायचे शिंपले, वाढवून विकायचे, हा आमचा धंदा. विकण्याआधी शिनाणे स्वच्छ पाण्याच्या टाकीत ठेवतो; त्या टाकीतून काढला की माल स्वच्छ, अशी सुरुवातीची समज होती. तीच सगळ्यात जास्त बदलली.

टाकी आपलं काम चोख करते. अतिनील दिव्याखालून फिरणारं खारं पाणी, तळापासून चार बोटं वर ठेवलेले जाळीदार क्रेट, त्यात पातळ थर, आणि ४२ तास. शिनाणं पाणी गाळत राहतं, आतडं रिकामं होतं, जिवाणू कमी होतात, प्लास्टिकचे मोठे कणही विष्ठेतून पडतात. घोळ होतो तो शेवटी. भरल्या पाण्यात क्रेट उचलले की तळाची घाण ढवळते आणि शिनाणे तीच पुन्हा ओढून घेतात. म्हणून आधी पाणी क्रेटखाली उतरवायचं, मग हात लावायचा. एवढं करूनही प्लास्टिकचे बारीक तंतू सगळे निघत नाहीत. काही कल्ल्यांत, मांसात अडकून राहतात.

धातूंपुढे मात्र टाकी हतबल आहे. शिनाण्याच्या अंगातली मेटॅलोथायोनीन ही प्रथिनं कॅडमियम हा विषारी धातू घट्ट धरून ठेवतात. ते उतरायला आठवडे, महिने लागतात. धातूंचा निकाल जागा निवडतानाच लागतो. बोटी खरवडून रंगवतात तो काठ आणि सांडपाण्याचं तोंड, दोन्हींपासून लांब राहायचं. पावसाळ्यात खारटपणा घटला की मिठातल्या क्लोराइडशी बांधलेलं कॅडमियम सुटं होतं आणि प्राण्यात सहज शिरतं. शिवाय अंडी टाकल्यावर मांस घटतं, त्यामुळे धातू तेवढाच असला तरी किलोमागे आकडा चढतो. नमुने दरवर्षी त्याच महिन्यात, एकाच आकाराचे २५-३० शिनाणे एकत्र करून काढले नाहीत, तर तुलनेला अर्थ राहत नाही.

धातू आणि मायक्रोप्लास्टिक (प्लास्टिकचे बारीक कण, तंतू) या दोन्ही तपासण्या एकाच डब्यातून करू नका, हे कळकळीने सांगतो. धातूंसाठी प्लास्टिकची पिशवी आणि सिरॅमिकची सुरी, कारण स्टीलमधून धातू मिसळू शकतात. मायक्रोप्लास्टिकसाठी नेमकं उलट: काच, स्टील, फॉइल आणि अंगात सुती एप्रन. मांस १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये ४० अंशांवर ४८ तास विरघळवून गाळतात. शेजारी तेच द्रावण भरलेली, मांस नसलेली बाटली हवीच. तिच्यात सापडलेले तंतू हवेतले आणि कपड्यांचे असतात. ते वजा केले नाहीत, तर आपलाच सदरा शिनाण्याच्या नावावर मोजला जातो.

अहवाल हातात आला की आधी एकक बघा. युरोपीय संघाची शिंपल्यांसाठीची मर्यादा किलोमागे कॅडमियम १ मिलिग्रॅम आणि शिसं १.५ मिलिग्रॅम, तीही ओल्या वजनावर. मांसात सुमारे ८० टक्के पाणी धरलं, तर कोरड्या वजनावरचा ३ हा आकडा ओल्यावर ०.६ होतो. हे न बघता माल नाकारला जातो तेव्हा फार वाईट वाटतं. मायक्रोप्लास्टिकला अशी मर्यादाच नाही. आपल्याच मागच्या नमुन्यांशी ताडून बघायचं.

प्लास्टिकचा एक उगम शिनाण्यांचे दोर टांगतो त्या आमच्याच मचाणावर होता: उन्हाने भुगा होणारं थर्माकोल आणि झिजणारा नायलॉन. आता बांबूचं मचाण आणि २० मिलिमीटरचा काथ्याचा दोर. दोराच्या मीटरला ५०० ते ७५० ग्रॅम बी, म्हणजे लहान शिनाणे, सुती जाळीत गुंडाळतो. शिनाणे दोराला चिकटेपर्यंत जाळी टिकते, मग कुजून जाते. काथ्या मात्र दर हंगामाला नवा घ्यावा लागतो, आणि तो खर्च आम्ही मालाच्या भावात धरतो.