वडगाव–येळ्ळूर लोरा लिंक, नोंद ४: ऊस वाढला, लिंक बदलली

मांडणी आधीचीच. लोरा म्हणजे कमी विजेत थोडा डेटा दूरवर पाठवणारं रेडिओ तंत्र. वडगावात गच्चीवर गेटवे (डेटा घेणारं केंद्र), येळ्ळूर शिवारात विहिरीच्या कठड्याला बांधलेल्या ३ मीटर पाइपावर नोड (मोजून पाठवणारं यंत्र), मधलं सरळ अंतर साधारण ५ किमी. दोन्हीकडे ईएसपी३२ (मायक्रोकंट्रोलर) आणि एसएक्स१२७६ (लोरा रेडिओ चिप), ८६५–८६८ मेगाहर्ट्झचा परवानामुक्त पट्टा, बँडविड्थ १२५ किलोहर्ट्झ, पॉवर १४ डीबीएम. दर १० मिनिटांनी पाण्याची पातळी, २० बाइट. बँडविड्थ २५० वर नेऊन वेग वाढवू नका. या पट्ट्यात २०० किलोहर्ट्झपर्यंतच मुभा आहे.

मे महिन्यात एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती, डीबीत) +८ च्या आसपास होता, एसएफ७ वर सगळं सुरळीत. (एसएफ म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर: आकडा मोठा तसा वेग कमी, पण क्षीण सिग्नलही कळतो.) आता ऊस पाइपाच्या वर गेलाय. कोरड्या दुपारी −३, पाऊस पडून गेल्यावर −१०. पाऊस स्वतः या फ्रिक्वेन्सीला जवळपास काहीच करत नाही, अडवतात ती ओली पाती. अँटेनापासून १०० मीटरवर पहिल्या फ्रेनेल झोनची (सरळ रेषेभोवती सिग्नलला मोकळी लागणारी जागा) त्रिज्या ५.८ मीटर भरते, म्हणजे तिथे झोनचा खालचा अर्धा भाग उसातच बुडालेला. त्यात वारा सुटला की लागोपाठच्या दोन पॅकेटांत ५–६ डीबीचा फरक पडतो.

म्हणून कायम एसएफ१२ लावून ठेवावा का? आमच्या मते नाही. हेच २० बाइट एसएफ७ वर ५७ मिलिसेकंदांत जातात, एसएफ१२ वर १.३ सेकंद लागतात. सौर पॅनेल छोटं आहे आणि श्रावणात ऊन किती पडतं ते इथं सगळ्यांना ठाऊक आहे.

लोरावॅनचा (लोरावरच्या प्रमाणित नेटवर्कचा) रूढ एडीआर नियम, म्हणजे एसएफ आपोआप ठरवणारा नियम, इथे का फसतो, ते नीट बघण्यासारखं आहे. तो शेवटच्या २० पॅकेटांतला सर्वांत चांगला एसएनआर धरतो, त्यातून त्या एसएफची मर्यादा (पॅकेट वाचता येईल असा किमान एसएनआर) आणि बहुधा १० डीबी राखीव वजा करतो, उरलेल्या दर ३ डीबीला एक पायरी. आमची अशी २० पॅकेटांची एक खिडकी घ्या: एसएफ१० वर सर्वांत चांगला −२, सर्वांत वाईट −११. एसएफ१० ची मर्यादा −१५, म्हणजे −२ + १५ − १० = ३. नियम म्हणतो, एसएफ९ वर जा. एसएफ९ ची मर्यादा −१२.५, त्या −११ वाल्या पॅकेटाला दीडच डीबी उरला. पुढची वाऱ्याची झुळूक आणि पॅकेट गेलं. शिवाय नोडला चूक कळायला ६४ अपलिंक (नोडने पाठवलेली पॅकेटं) आणि वर ३२ अपलिंकची वाट, म्हणजे दर १० मिनिटांच्या हिशेबाने १६ तास. स्थिर जागी, स्थिर चॅनेलला हा नियम उत्तम आहे. उसाला नाही.

आता बसवलेला नियम असा: शेवटची ८ पॅकेटं, त्यातला खालून दुसरा एसएनआर. पुढच्या वेगवान एसएफच्या मर्यादेपेक्षा तो ५ डीबी वर असेल तरच एक पायरी वेग वाढवायचा, आणि बदलानंतर ८ पॅकेटं होईपर्यंत पुन्हा वाढवायचा नाही. चालू मर्यादेपासून ३ डीबीच्या आत आला की लगेच एक पायरी संथ. चढताना सावकाश, उतरताना ताबडतोब. वरच्या खिडकीतला शेवटच्या आठांत खालून दुसरा −१० होता, एसएफ९ पासून फक्त २.५ डीबी वर; म्हणून एसएफ१० च राहिला.

खरी डोकेदुखी एकमत राखण्याची. एसएक्स१२७६ एका वेळी एकच एसएफ ऐकतो. गेटवेने उत्तरात 'पुढचा एसएफ९' सांगितलं आणि ते उत्तरच हरवलं, तर नोड एसएफ१० वर बोलतोय आणि गेटवे एसएफ९ वर ऐकतोय. उपाय: उत्तर नाही मिळालं तर नोड ३० सेकंदांनी तेच पॅकेट एसएफ१२ वर पाठवतो. गेटवे प्रत्येक उत्तरानंतर एक मिनिट एसएफ१२ वरच थांबतो, मग ठरलेल्या एसएफवर येतो. ठरलेल्या वेळेनंतर १५ सेकंदांत काही आलं नाही, तर पुन्हा एसएफ१२. कुठलंही एक पॅकेट किंवा उत्तर हरवलं तरी दोघं तिथे भेटतात.

यासाठी घड्याळ नेमकं हवं. ईएसपी३२ च्या डीप स्लीपमधला आतला आरसी ऑसिलेटर तापमानाबरोबर सरकतो, १५ सेकंदांची खिडकी त्याच्या भरवशावर ठेवता येत नाही. नोडला डीएस३२३१ (नेमक्या वेळेची घड्याळ-चिप) लावा आणि त्याच्या अलार्मने जागं करा.

एसएफ११ आणि एसएफ१२ ला १२५ किलोहर्ट्झवर लो डेटा रेट ऑप्टिमाइझ (संथ एसएफसाठीची रेडिओची सेटिंग) दोन्हीकडे चालू लागतं. एकाच बाजूला राहिलं, तर पॅकेट डीकोड होत नाही आणि दोष अँटेनाचा वाटतो.

एसएफ बदलण्याआधी आरएसएसआयही (आलेल्या सिग्नलची ताकद) पाहा. एसएनआर आणि आरएसएसआय दोन्ही एकत्र पडले तर वाट अडली आहे किंवा अँटेनाच्या एसएमए जोडात पाणी शिरलंय. सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप काढून जोड उघडा, आतली पिन हिरवी पडली असेल तर जोड बदला. आरएसएसआय जागच्या जागी आणि एसएनआर तेवढा पडला, तर गोंगाट वाढलाय. आमच्याकडे तो नोडच्याच पेटीतल्या स्वस्त बक कन्व्हर्टरचा (व्होल्टेज उतरवणाऱ्या सर्किटचा) निघाला. तो अँटेना केबलपासून दूर नेऊन फेराइट मणी घातल्यावर ४ डीबी परत मिळाले.

पुढचं काम: पाइप ६ मीटर करून ऊस तोडणीला यायच्या आधी आणि नंतर हाच नियम तपासणं.