जुनी टर्बो गाडी, घाट आणि ऑक्टेन

सेकंडहँड टर्बो पेट्रोल गाडी घेतलीत की आधी टाकीचं झाकण उघडा. तिथे किंवा मॅन्युअलमध्ये किमान ‘रॉन’ लिहिलेला असतो, म्हणजे पेट्रोलचा ऑक्टेन आकडा: तो जितका जास्त, तितकं पेट्रोल इंजिनात आपोआप पेटायला कमी धजतं. 91 असेल तर 100चं पेट्रोल म्हणजे पैसे समुद्रात. 95 असेल तर मात्र कंजुषी नको. आधीच्या मालकाने रीमॅप (ताकद वाढवायला इंजिनच्या संगणकातली सेटिंग बदलणं) केलंय का, तेही विचारा, कारण मग स्टिकरचा आकडा पुरत नाही.

कुंभार्ली घाटात आंब्याच्या पेट्या भरून, चौथ्या गिअरमध्ये 1500 आरपीएमला पाय दाबलात की प्लगच्या ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच उरलेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण आपोआप पेटू शकतं. टकटक येते ती त्याची. ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, ठिणगी उशिरा देऊन इंजिन सांभाळतो, पण ताकद जाते. आधी खालचा गिअर टाका! तरीही आवाज राहिला तर प्लग, आत साचलेला कार्बन, इंटरकूलरवरचा (टर्बोची हवा गार करणाऱ्या जाळीवरचा) चिखल बघा.