मोलीनहून किनिकला: आयोवा हॉकाइजचा शनिवार आणि पुढच्या हंगामाचा हिशोब

मिसिसिपीच्या दोन्ही काठांवर वसलेल्या क्वाड सिटीजमध्ये किराणा दुकानात मराठी कानावर पडलं तर नवल वाटत नाही. जॉन डियरचं मुख्यालय मोलीनला आणि मोठं तंत्रज्ञान केंद्र पुण्याच्या मगरपट्ट्यात, त्यामुळे इकडून तिकडे माणसं येत-जात असतात. ऑगस्ट संपला की इथला शनिवार कॉलेज फुटबॉलचा होतो आणि तासाभराच्या अंतरावर आयोवा सिटीत, किनिक स्टेडियमवर, आयोवा विद्यापीठाचा संघ म्हणजे हॉकाइज खेळतात. ८ नोव्हेंबर २०२५ ला ऑरेगनविरुद्धच्या सामन्याला आम्ही गेलो, त्या दिवसाचं हे वर्णन. हा संघ का जिंकतो आणि का हरतो, हे त्या एका ओल्या दुपारी जितकं लख्ख दिसलं तितकं टीव्हीवर हंगामभर दिसत नाही.

मोलीनहून आय-७४ महामार्गाचा २०२१ मध्ये पूर्ण झालेला नवा पूल ओलांडला की आयोवा राज्य लागतं. पुढे आय-८० पकडून सरळ पश्चिमेला. आयोवात एक्झिटचे क्रमांक मैलांचे असतात, त्यामुळे हिशोब सोपा. वॉलकॉटचा अवाढव्य ट्रकस्टॉप २८४ वर आणि आयोवा सिटीचं डब्यूक स्ट्रीट २४४ वर, म्हणजे मधे चाळीस मैल. पेट्रोल आणि स्वच्छतागृह वॉलकॉटलाच उरकून घ्यावं. सामन्याच्या दिवशी २४४ वर गाड्या तुंबतात. पूर्वेकडून येणाऱ्यांनी त्याआधीच २४६ ला, डॉज स्ट्रीटवर उतरावं आणि गावातून आत जावं. सामना अडीचला असेल तर साडेनऊला घर सोडावं. उशीर झाला की गाडी स्टेडियमपासून इतकी लांब लावावी लागते की वाचवलेला वेळ चालण्यात जातो.

मेलरोज ॲव्हेन्यूवरची मंडळी आपापल्या अंगणात पैसे घेऊन गाड्या लावू देतात. स्टेडियम तिथून पावलांवर असतं, पण सामना सुटल्यावर गाडी बाहेर निघेपर्यंत अंधार पडून बराच वेळ गेलेला असतो. त्यापेक्षा गावातलं बहुमजली पार्किंग बरं. तिथून ओल्ड कॅपिटॉलच्या सोनेरी घुमटाखालून (१८५७ पर्यंत राज्याची राजधानी हीच होती) नदीचा पूल ओलांडायचा आणि चढ चढायचा. गर्दी धरून अर्ध्या तासापेक्षा थोडं जास्त लागतं. परतताना तासभर गावातच जेवण करून निघालं, की आय-८० मोकळा मिळतो.

पावसाचा अंदाज असेल तर छत्रीचा विचार सोडून द्या, ती आत नेता येत नाही. टोपीचा पोंचो हवा, तोही कोटावरून चढेल इतका मोठा. बसायला धातूचे बाक असतात आणि पाय काँक्रीटवर. थंडी अंगात शिरते ती वरून कमी आणि खालून जास्त. म्हणून बसायला जाड गादी आणि बुटांखाली पुठ्ठ्याचा तुकडा न्यावा. कोरड्या मोज्यांचा जोड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा आणि मध्यंतरात बदलावा. पिशवी पारदर्शकच लागते, १२ बाय ६ बाय १२ इंचांपर्यंत. तिकीट फोनमध्ये असतं, ते घरीच वॉलेटमध्ये उतरवून घ्यावं, कारण सत्तर हजारांच्या आसपास माणसं जमली की दारापाशी नेटवर्क बसतं आणि रांग तुमच्यामुळे थांबते. घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे गेलेली असतात, त्यामुळे पाचच्या आत सूर्य मावळतो. अडीचच्या सामन्याचा उत्तरार्ध दिव्यांच्या उजेडात आणि दुपारपेक्षा बऱ्याच थंडीत पाहायचा असतो.

मेलरोजवर खाण्याच्या टपऱ्या लागतात. टर्कीच्या मोठाल्या तंगड्या प्रसिद्ध आहेत. शाकाहारी माणसाने चिप्सच्या पाकिटातच बीन्स आणि चीज घालून देतात तो टॅको मांसाशिवाय मागावा. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, म्हणून तिखटमिठाच्या पुऱ्या आणि चहाचा थर्मास गाडीपाशीच संपवून निघावं.

स्टेडियमच्या दक्षिण दारापाशी नाइल किनिकचा पुतळा आहे. देशातल्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूचा १९३९ चा हाइसमन पुरस्कार मिळवणारा हा खेळाडू २ जून १९४३ रोजी नौदलाच्या विमानाच्या सराव-उड्डाणात गेला. पुतळ्यात तो विद्यार्थ्याच्या वेशात आहे, हातात पुस्तकं, पायाशी हेल्मेट. मैदानाकडे जाताना खेळाडू त्या हेल्मेटला हात लावतात. १९२९ मध्ये उघडलेल्या या स्टेडियमला त्याचं नाव १९७२ मध्ये दिलं गेलं. बिग टेन या परिषदेच्या, म्हणजे आयोवा ज्या विद्यापीठांच्या गटात खेळतं त्या गटाच्या, सामन्यांत नाणेफेकीच्या नाण्यावरही त्याचाच चेहरा असतो.

खेळाडूंच्या हेल्मेटवर एएनएफ ही अक्षरं दिसतील. अर्थ सरळ: अमेरिकेला शेतकरी हवेत. १९८५ मध्ये शेतीवरच्या कर्जाच्या संकटात या राज्यातली घरं मोडत होती, तेव्हा प्रशिक्षक हेडन फ्राय यांनी हा स्टिकर लावायला सुरुवात केली. विदर्भ-मराठवाड्यातून आलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही.

पहिला क्वार्टर संपला की जागेवरून उठू नका. सगळं स्टेडियम, पाहुण्या संघाचे खेळाडू आणि पंचांसकट, शेजारच्या बालरुग्णालयाकडे वळून हात हलवतं आणि वरच्या मजल्यांवरच्या काचांमागून मुलं प्रतिसाद देतात. २०१७ पासूनची ही प्रथा आहे. चहाची रांग तेव्हा रिकामी असते म्हणून तिकडे पळणारे थोडे लोक असतात, त्यांनी तसं करू नये.

आता खेळाकडे. नवख्या मराठी प्रेक्षकाची नजर चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर खिळते. आयोवाचा खेळ तसा पाहिला तर कंटाळा येईल. हा संघ मैदानाच्या जमिनीचा हिशोब करतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड मिळवायचे, नाही जमलं तर चौथ्या प्रयत्नाला चेंडू पायाने लांब मारून द्यायचा. तो पंट. प्रतिस्पर्ध्याला स्वतःच्या १० यार्डांच्या रेषेपासून सुरुवात करावी लागली तर ९० यार्ड चालायचे, ४० पासून केली तर ६०. फिल पार्कर २०१२ पासून बचाव सांभाळतात. त्यांचा बचाव मागे राहून छोटे पास होऊ देतो आणि मोठे अडवतो. प्रतिस्पर्ध्याला ९० यार्ड छोट्या पासांनी काटायचे असतील तर दहा-बारा खेळी बिनचूक कराव्या लागतात, आणि कुठेतरी हात सुटतो. म्हणून इथे पंटरला नायकाचा मान. २०२३ मध्ये मेलबर्नच्या टोरी टेलरने ९३ पंट मारून ४,४७९ यार्ड केले, तो एका हंगामाचा राष्ट्रीय विक्रम ठरला. त्याच वर्षी आक्रमण इतकं दुबळं होतं की सामन्यामागे सरासरी साडेपंधरा गुणही होत नव्हते, तरी संघाने दहा सामने जिंकले.

ही पद्धत जिथे मोडते ती जागा आम्ही ऑरेगनविरुद्ध पाहिली. पंटसाठी चेंडू दोन पायांमधून मागे फेकणारा लाँग स्नॅपर पंटरपासून चौदा-पंधरा यार्डांवर असतो आणि चेंडू पाऊण सेकंदाच्या आसपास पोहोचायला हवा. त्यासाठी बोटं शिवणीवर घट्ट बसवून चेंडूला फिरकी द्यावी लागते. ओल्या चेंडूवर बोट जरा सरकलं की चेंडू खाली पडतो किंवा वर उडतो. आपलाच एंड झोन (मैदानाच्या टोकाचा गोलपट्टा) पाठीशी असेल तर पंटरच्या मागे मोकळी जागा नसते. पहिल्याच क्वार्टरमध्ये स्नॅप आयोवाच्या पंटरच्या, रीस डाकिनच्या, डोक्यावरून गेला आणि चेंडू एंड झोनच्या मागून बाहेर पडला. याला सेफ्टी म्हणतात: दोन गुण समोरच्याला, शिवाय त्यानंतर चेंडूही त्यांनाच मारून द्यायचा. दुहेरी दंड.

शेवटच्या दोन मिनिटांत आयोवाच्या क्वार्टरबॅकने, मार्क ग्रोनोव्स्कीने, स्वतः धावत टचडाउन केला (चेंडू घेऊन एंड झोन गाठला), आयोवा १६-१५ ने पुढे गेलं. दोन गुणांचा जादा प्रयत्न मात्र फसला. मग ऑरेगनने पास टाकत मैदान ओलांडलं आणि तीन सेकंद उरले असताना ३९ यार्डांचा फील्ड गोल, म्हणजे दोन खांबांमधून तीन गुणांची किक, मारला. १८-१६. सेफ्टीचे दोन गुण वजा करा, म्हणजे बरोबरी राहते.

लोक म्हणाले, दैव नव्हतं. मला ते पटत नाही. २०२५ मधले चारही पराभव मांडून पाहा: आयोवा स्टेटशी (राज्यातलं दुसरं विद्यापीठ) १६-१३, इंडियानाशी २०-१५, ऑरेगनशी १८-१६, यूएससीशी (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) २६-२१. चार सामन्यांत मिळून १५ गुण. इंडियाना तर पुढे अपराजित राष्ट्रीय विजेता झाला. उलट बाजूला विस्कॉन्सिन ३७-०, मिनेसोटा ४१-३. म्हणजे बरोबरीच्या संघाला आयोवा घट्ट धरून ठेवतो, पण शेवटच्या पाच मिनिटांत पास टाकून सामना खिशात घालण्याची ताकद त्याच्याकडे नाही. कमी गुणांच्या सामन्यात एक स्नॅप, एक हुकलेली किक, एक दुखापत निकाल फिरवते. इंडियानाविरुद्ध ग्रोनोव्स्की जखमी होऊन बाहेर गेला आणि बरोबरीत चाललेला सामना निसटला. धोका कमी करणारी म्हणून नावाजलेली पद्धतच चुकीची किंमत वाढवते. मुख्य प्रशिक्षक कर्क फेरेंट्झ १९९९ पासून इथे आहेत, २०२५ च्या सप्टेंबरात ते बिग टेनमधले सर्वाधिक विजयांचे प्रशिक्षक झाले. त्यांच्याविषयी आदर ठेवूनच हे म्हणते आहे.

ग्रोनोव्स्कीबद्दल कुरकूर बरीच झाली. साउथ डकोटा स्टेटला दोन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून देऊन तो एका हंगामासाठी इथे आला. लांब पासांत तो कमी पडला, हे खरं. पण गोल रेषेजवळ क्वार्टरबॅक स्वतः धावू शकतो तेव्हा बचावाला एक माणूस जास्त मोजावा लागतो, आणि आयोवाला हा फायदा त्याआधी क्वचितच मिळाला होता. ग्रोनोव्स्की आता संघातून गेला. इंडियानाविरुद्ध त्याच्या जागी उतरलेला हँक ब्राउन जास्त करून उभा राहून पास टाकणारा आहे. तो खेळला तर आक्रमणाचे प्रशिक्षक टिम लेस्टर यांना आक्रमणाची मांडणी बदलावी लागेल. गोलपाशी टाइट एंडकडे (ओळीच्या टोकाशी अडवणारा आणि पासही झेलणारा खेळाडू) छोटे पास वाढवावेत असं माझं मत. किटल, हॉकेन्सन, लापोर्टा हे नावाजलेले टाइट एंड ज्या संघातून घडले तिथे हा खेळ गंजू देणं परवडणार नाही.

खरी चिंता क्वार्टरबॅकपुढे उभं राहून बचावाला अडवणाऱ्या मधल्या पाच जणांच्या ओळीची. २०२५ ची ओळ देशातल्या सर्वोत्तम ओळीचा जो मूर पुरस्कार घेऊन गेली आणि मधोमध उभा राहून चेंडू मागे देणाऱ्या सेंटरला, लोगन जोन्सला, सर्वोत्तम सेंटरचा रिमिंग्टन मिळाला. जोन्स, गेनिंग्स डंकर, बो स्टीफन्स तिघांचीही कॉलेजची वर्षं संपली. आयोवाचा पाया असलेल्या बाहेरच्या झोन धावेत पाचही जण एकाच दिशेला, एकाच लयीत आडवं पाऊल टाकतात. धावणारा त्यांच्या मागून जातो, फट दिसली की एकदाच वळतो आणि सरळ घुसतो. सगळं सेंटरच्या पहिल्या पावलावर असतं. समोरच्या जाडजूड बचावपटूच्या बाहेरच्या खांद्यापर्यंत तो पोहोचला नाही, तर बचावपटू आत घुसतो आणि धाव रेषेच्या तीन यार्ड मागेच मरते. पहिला प्रयत्न असा गेला की दुसऱ्याला तेरा यार्ड हवे असतात, म्हणजे पास, म्हणजे आयोवाचा कमकुवत हात. केड पीपरला गार्डवरून (सेंटरच्या शेजारची जागा) मध्यावर आणावं आणि ट्रेव्हर लॉकला डाव्या टॅकलवरून (ओळीच्या टोकाची जागा) अजिबात हलवू नये. ओळ जुळायला ऑक्टोबर उजाडतो, हा दर वर्षीचा अनुभव आहे, त्यामुळे सप्टेंबरातल्या रडक्या धावांवर निकाल देऊ नये.

किकही नव्याने उभ्या करायच्या आहेत. फील्ड गोल मारणारा ड्रू स्टीव्हन्स संघातून गेला. मॅसॅच्युसेट्सविरुद्ध पंट झेलून ९५ यार्ड परत धावणारा आणि रटगर्सविरुद्ध सामन्याच्या पहिल्याच किकवर टचडाउन करणारा केडन वेट्येनही गेला. त्याच्या धाकाने प्रतिस्पर्धी पंटर चेंडू कडेला मारायचे आणि त्यात त्यांचे यार्ड जायचे. आकडेवारीत हा फायदा कुठे नोंदला जात नाही, पण आयोवाची सुरुवात त्याने पुढे सरकायची. हे सोपं भरून निघणार नाही.

२०२६ मध्ये नियमित हंगामात आठ विजय, ओळ लवकर बसली तर नऊ, असा माझा अंदाज. राष्ट्रीय विजेतेपदासाठीच्या प्लेऑफ फेरीत मात्र जागा नाही. आयोवा स्टेटविरुद्धचा सामना सप्टेंबरात किनिकवर आहे. तिकीट काढताना कडेच्या खालच्या रांगा टाळा, तिथे प्रेक्षक मैदानाला जवळजवळ चिकटून बसतात आणि उभ्या खेळाडूंमुळे काही दिसत नाही. एंड झोनमागच्या वरच्या रांगा घ्या. पाच जणांचं आडवं पाऊल आणि पंटरपर्यंत येणारा स्नॅप तिथून सर्वांत स्वच्छ दिसतो, आणि त्या दिवशी पाहायचं तेवढंच आहे.