आतल्या पानावरची बातमी

सकाळी डोळे उघडले की मी आधी तंत्रज्ञानाच्या बातम्या वाचतो. घरचे याला व्यसन म्हणतात, मी अभ्यास म्हणतो. या बातम्यांची भाषा आता मला तोंडपाठ झाली आहे. त्यांत क्रांती साधारण आठवड्याला एक होते. नवं यंत्र येतं ते जग बदलायलाच येतं, आणि जुनं जे काही असेल ते त्याच दिवशी इतिहासजमा होतं. छापील पुस्तक मेल्याचं मी आजवर चार-पाच वेळा तरी वाचलं आहे. ईमेल तर त्याहून जास्त वेळा. ईमेल संपल्याची एक बातमी मला ईमेलनेच आली होती.

वाचलेलं मोठ्याने ऐकवायची मला खोड आहे. बायको ऐकते, म्हणजे मधूनमधून 'हं' म्हणते. परवा मी वाचलं, "आता यंत्रमानव घरची कामं करणार." ती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "कधीपासून?" मी बातमी खालपर्यंत चाळली. तारीख नव्हती.

"मग तोवर या चादरीचं ते टोक धर."

टोक धरून मागे सरकता सरकता मी हिशेब मांडायला लागलो, की गेल्या पंचवीस वर्षांत वाजतगाजत आलेल्या पाहुण्यांपैकी मुक्कामाला राहिले किती?

सेगवे आठवते का? दोन चाकं शेजारी-शेजारी, मध्ये उभं राहायचं, पुढे झुकलं की गाडी पुढे. २००१च्या डिसेंबरात अमेरिकी संशोधक डीन केमन यांनी ती जगापुढे आणली, पण तिची कुजबुज त्याआधी जवळजवळ वर्षभर चालू होती. कोणी पाहिलेली नव्हती, तरी शहरंच तिच्याभोवती नव्याने आखावी लागतील इथपर्यंत बोलून झालं होतं. शहरं जागची हलली नाहीत. सेगवेवर रखवालदार फिरले, पर्यटक फिरले आणि २०२०च्या जुलैत तिचं उत्पादन थांबलं. मग गूगल ग्लास. २०१२ साली तो चष्मा घालून माणसांनी आकाशातून उड्या मारल्या आणि त्यांना जे दिसत होतं ते खाली सभागृहात बसलेल्यांनी थेट पाहिलं. अडचण आकाशात नव्हतीच. जमिनीवर समोरासमोर बोलताना त्या चष्म्यातला कॅमेरा चालू आहे की बंद, हे समोरच्याला कळेना, आणि माणसाला चारचौघांत मोकळेपणाने नाक पुसायचीही चोरी झाली. २०१५च्या जानेवारीत सर्वसामान्यांसाठीची विक्री बंद. घराघरात येणार म्हणून २०१०मध्ये गाजलेला त्रिमितीय टीव्ही २०१७पर्यंत बड्या कंपन्यांनी गुंडाळलाही होता. त्याचे खास चष्मे कुठल्या कपाटांत पडले असतील कोण जाणे. मेटाव्हर्सबद्दल, म्हणजे संगणकातल्या त्या आभासी जगाबद्दल, काही बोलत नाही. त्याच्यासाठी २०२१च्या ऑक्टोबरात फेसबुकसारख्या अवाढव्य कंपनीने आपलं नावच बदलून 'मेटा' करून घेतलं, आणि नाव बदलल्यावर माणसाला थोडा वेळ द्यायला हवा.

म्हणजे गाजराची पुंगी झाली ही सगळी. पण म्हणून नाकं मुरडणारे शहाणे ठरतात असंही नाही. ९ ऑक्टोबर १९०३ला न्यूयॉर्क टाइम्सने अग्रलेखात लिहिलं होतं, की माणसाला उडवू शकणारं यंत्र तयार व्हायला दहा लाख ते एक कोटी वर्षं लागतील. त्यानंतर ६९ दिवसांनी राइट बंधू उडाले. पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं. 'दहा लाख ते एक कोटी' या अंदाजातला तो ऐसपैसपणा मला फार आवडतो. अग्रलेखकाने चुकायला भरपूर जागा ठेवली होती, ती पुरली नाही.

तेव्हा भाकितांच्या वाटेला मी जात नाही. माझं म्हणणं साधं आहे. ज्यांच्यासाठी ढोल बडवले गेले त्यांच्यापेक्षा, ज्यांची बातमी आतल्या पानावर चार ओळींत आली आणि आपण हसून पान उलटलं, त्यांनी आपल्याला जास्त बदललं. कानामागून आल्या आणि तिखट झाल्या अशा कितीतरी गोष्टी आहेत.

उदाहरणार्थ, ती निळी खूण.

व्हॉट्सॲपवर ती २०१४च्या नोव्हेंबरात आली. निरोप पोचला की दोन करड्या खुणा आधीपासून होत्याच. आता समोरच्याने तो वाचला की त्या निळ्या होऊ लागल्या. बदल केवढा, तर रंगाचा. कुठलं नवं यंत्र नाही, कोणी आकाशातून उडी मारलेली नाही. पण या रंगाने माणसाच्या हातातलं एक फार जुनं साधन काढून घेतलं. ते म्हणजे 'तुझा निरोप मिळालाच नाही रे!'

पत्रांच्या काळात हे वाक्य किती कामाचं होतं! नको असलेलं आमंत्रण, उसने पैसे मागणारं पत्र, ज्याला काय उत्तर द्यावं तेच सुचत नाही असं एखादं भावनेने ओथंबलेलं चार पानी प्रकरण, या सगळ्यांवर तो एकच उतारा. लिहिणाऱ्याला शंका यायची, पण खात्री नसायची, आणि त्या न-खात्रीवर नातं तगून जायचं. पोस्टाने पोचवलेल्या पत्रांचं कौतुक सगळेच करतात. न पोचवलेल्या पत्रांचा आळ मुकाट्याने घेऊन त्याने किती मैत्र्या वाचवल्या, ते कोणी मोजलं नाही.

माझी एक जवळजवळ गेलीच होती. रात्री साडेअकराला मित्राचा निरोप आला. त्याने नोकरी सोडली होती, तीन-चार परिच्छेद होते आणि शेवटी 'तुला काय वाटतं?' असा प्रश्न. मी अर्धवट झोपेत वाचला. उद्या नीट लिहू, एवढा मोठा निर्णय आहे, 'छान' म्हणून कसं भागेल, असं म्हणून फोन पालथा ठेवला. दुसऱ्या दिवशी काम निघालं. तिसऱ्या दिवशी उशीर झाल्याची लाज वाटायला लागली, आणि लाज वाटली की उत्तर आणखी लांब आणि आणखी चांगलं लिहावं लागतं, म्हणून चौथा दिवस उजाडला. तिकडे त्याच्याकडे साडेअकरापासून दोन निळ्या खुणा होत्या. चौथ्या दिवशी त्याने लिहिलं, "वाचलंस ना?" प्रश्नचिन्ह होतं, पण तो प्रश्न नव्हता.

चूक माझीच. पण पूर्वी त्याच चुकीला एक पडदा होता. पडद्याआड मी आळशी, विसराळू, कसाही असू शकत होतो. आता वेळेसह पुरावा.

मावशीने यातून आपल्यापुरती सुटका करून घेतली आहे. तिला निरोप पाठवला की खुणा जन्मभर करड्याच राहतात. मला वाटायचं तिला फोन नीट वापरता येत नाही. एकदा बोलता बोलता म्हणाली, "ते निळं मी बंद करून टाकलंय. निळं झालं की लोक हिशेब मांडत बसतात." निळी खूण आल्यावर थोड्याच दिवसांत ती बंद करायची सोयही आली होती, हे मला बातमी वाचून माहीत होतं. मावशीने बातमी न वाचता ती वापरली. मी म्हटलं, "पण मग तुलाही दुसऱ्यांचं निळं दिसत नाही." ती म्हणाली, "बरंच की. मला तरी कशाला हवाय कोणाचा हिशेब?"

दुसरी अशीच गोष्ट म्हणजे तळ नसलेलं पान. पूर्वी वाचता वाचता पान संपायचं. तळाशी 'पुढचं पान' असं बटण असायचं. ते दाबायला लागणारा क्षण हा दम खायचा दगड होता. हात थांबायचा, मान वर व्हायची, खिडकीबाहेर संध्याकाळ झालेली दिसायची. २००६ साली एझा रास्किन या संगणकतज्ज्ञाने तो दगड उचलून बाजूला केला. वाचक खाली येतोय म्हटल्यावर पुढचा मजकूर आपोआप हजर. हेतू चांगला होता, वाचणाऱ्याचे कष्ट वाचावेत. पुढे त्यानेच याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. शोध लावणाऱ्याला पश्चात्ताप व्हायला पूर्वी बॉम्ब लागायचा, इथे एक बटण काढलं तेवढ्यावर भागलं. (त्याचे वडील जेफ रास्किन यांनी ॲपलमध्ये मॅकिंटॉशचा प्रकल्प सुरू केला होता. त्या यंत्राची बातमी अर्थातच पहिल्या पानावर होती.)

जाता जाता एक सांगून टाकतो. माझ्या हातात असतं तर एक बातमी मी आठ कॉलमी मथळ्याने छापली असती. २८ डिसेंबर २०२४पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या नव्या फोनना, टॅबलेटना, कॅमेऱ्यांना एकाच प्रकारचं, यूएसबी-सी, चार्जिंगचं तोंड असणं सक्तीचं झालं. यात क्रांती हा शब्द कुठेही नव्हता. पण ज्याच्या घरात तो एक खण आहे त्याला विचारा. आमच्या खणात एकमेकांत गुंतलेले अकरा चार्जर आहेत. त्यांतल्या सातांचे फोन केव्हाच वारले. एक आहे तो कशाचा होता ते कोणालाच आठवत नाही, आणि नेमका तोच टाकून द्यायचा धीर होत नाही. मागे एकदा सगळे काढून टेबलावर मांडले, सोडवले, प्रत्येकाला रबर लावलं आणि पुन्हा खणात ठेवले. एवढंच झालं.

सध्याची सगळ्यांत मोठी बातमी कृत्रिम बुद्धिमत्तेची. ३० नोव्हेंबर २०२२ला चॅटजीपीटी आलं तेव्हापासून पहिलं पान तिने सोडलेलं नाही. कोणाच्या नोकऱ्या जाणार याच्या याद्या निघतात. या याद्यांकडे मी जरा सबुरीने बघतो, कारण २०१६मध्ये या क्षेत्रातले भीष्माचार्य जेफ्री हिंटन म्हणाले होते, की नवे रेडिऑलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे आणि स्कॅन वाचणारे डॉक्टर, शिकवणं आता थांबवा, पाच वर्षांत यंत्रं ते काम अधिक चांगलं करतील. हिंटन यांना पुढे २०२४चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आणि रेडिऑलॉजिस्ट आहेत तिथेच आहेत, हाताशी ती यंत्रंही घेऊन. चित्र वाचणं हा त्यांच्या कामाचा एक भाग होता. कोणाची तपासणी आधी करायची, घाबरलेल्याला काय सांगायचं, दुसऱ्या डॉक्टरला फोन कधी लावायचा, हेही कामच होतं. ते यादी करणाऱ्यांनी धरलं नव्हतं. उद्या नोकऱ्या जाणारच नाहीत असा याचा अर्थ नाही. मी त्या भाकिताच्या वाटेला जात नाही म्हटलंय ना.

मला टोचणारा खडा लहान आहे. आमच्या एका सहकाऱ्याचे वडील गेले. कामाच्या गटावर सांत्वनाचे निरोप येऊ लागले. तिसरा आणि सातवा निरोप वाचताना मी थबकलो. दोन वेगळी माणसं, वेगळ्या विभागांतली, एकमेकांशी फारसं न बोलणारी. आणि दोघांनीही लिहिलं होतं, 'या कठीण प्रसंगी आपल्या कुटुंबाच्या दुःखात आम्ही मनापासून सहभागी आहोत. त्यांच्या आठवणी आपणांस सदैव बळ देत राहोत.' अक्षर न् अक्षर तेच, पूर्णविराम जिथल्या तिथे. एरवी 'आपणांस' असं लिहिणारा माणूस आमच्याकडे एकही नाही. दोघांनी यंत्राला विचारलं होतं, यंत्राने दोघांना तेच दिलं होतं. सहकाऱ्याच्या लक्षात आलं की नाही, विचारायची माझी हिंमत झाली नाही. छापील कार्डावर सही करून पाठवण्याची रीत जुनीच आहे, हे मला मान्य. पण कार्ड छापील आहे हे दोन्ही बाजूंना माहीत असायचं.

या प्रकाराचा धाकटा भाऊ म्हणजे निरोपाखाली येणारी तयार उत्तरं. गूगलने आपल्या ईमेलमध्ये ती २०१५च्या नोव्हेंबरात आणली. तेव्हाही बातमी आतल्या पानावरचीच. त्यांच्याच लोकांनी सांगितलेली गंमत अशी, की सुरुवातीच्या नमुन्यात हे यंत्र वाटेल त्या ईमेलला 'आय लव्ह यू' असं उत्तर सुचवायचं. कारण काय, तर माणसांच्या पत्रव्यवहारात हे शब्द फार वेळा येतात, तेव्हा काय उत्तर द्यावं ते कळेनासं झालं की यंत्राच्या लेखी हाच बिनधोक पर्याय. मग शिकवून-सवरून त्याला त्यातून बाहेर काढलं. आता ते 'ठीक आहे' आणि 'धन्यवाद' सुचवतं. सुधारणा झाली असं म्हणायचं.

काल दुपारी मावशीचा निरोप आला. "गुडघा दुखतोय. वर-खाली होत नाही. तू येतोयस का रविवारी?" फोनने लगेच खाली तीन उत्तरं मांडली. 'हो', 'नाही', 'काळजी घ्या'. मावशीला 'काळजी घ्या'! माझा अंगठा 'हो'वर जवळजवळ टेकला होता. पण इतकं सगळं डोक्यात घोळत असताना तसं करणं बरं दिसेना. मी बसून लिहिलं. कोणता गुडघा ते विचारलं, मागच्या वेळी डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करतेस की सोडलास ते विचारलं, रविवारी दहापर्यंत पोचतो, जिन्याला कठडा बसवायचं बघू, मी माप घ्यायला टेप आणतो, असं सगळं. आठ ओळी झाल्या. पाठवून दिल्या.

दोन करड्या खुणा. निळ्या होणार नव्हत्याच.

वीस मिनिटांनी 'टायपिंग' असं दिसलं. मग नाहीसं झालं. पुन्हा दिसलं. बराच वेळ दिसत राहिलं. मी हातातलं काम सोडून बघत बसलो.

मग आला, नुसता वर केलेला पिवळा अंगठा.