पगाराच्या सर्व्हरवर इन्स्टॉलर

महापेच्या डेटा सेंटरमधून रात्री फोन आला. "सर, कार्ड बदलून मशीन चालू केलंय, पण स्क्रीनवर इन्स्टॉलर दिसतोय." इन्स्टॉलर म्हणजे डिस्क पुसून ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने टाकणारा प्रोग्राम. मी पुण्यात, आणि मशीन पगाराच्या डेटाबेसचं. पोटात गोळाच आला.

आमच्याकडे सगळ्या सर्व्हर्सचा बूट क्रम, म्हणजे चालू होताना कुठून उठायचं तो क्रम, एकच: आधी नेटवर्क, मग डिस्क. डीएचसीपी सर्व्हर मशीनला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) देतो, टीएफटीपी या साध्या फाइल-सर्व्हरवरून बूटलोडर, म्हणजे मशीन उठवणारा छोटा प्रोग्राम, उतरतो आणि तो कार्डाच्या मॅक अ‍ॅड्रेसच्या नावाची फाइल मागतो. मॅक म्हणजे प्रत्येक नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक. फाइलच्या नावात त्याआधी ०१ लागतं, ती इथरनेटची खूण. फाइलमध्ये 'लोकल' असेल तर मशीन नेहमीसारखं उठतं. 'बिल्ड' असेल तर इन्स्टॉलर येतो आणि किकस्टार्टमधली (इन्स्टॉलरला सूचना देणारी फाइल) क्लिअरपार्टची ओळ काही न विचारता सगळ्या डिस्कवरची पार्टिशन्स पुसते.

झालं असं, की पगाराच्या मशीनचं नेटवर्क कार्ड गेलं आणि स्पेअर शिल्लक नव्हतं. शेजारच्या रॅकमध्ये त्याच मॉडेलचं एक मशीन रीबिल्डसाठी (पुसून नव्याने इन्स्टॉल करण्यासाठी) पडून होतं. तिथल्या पोराने त्याचं कार्ड काढून इकडे लावलं. मला विचारलं असतं तर मीही लाव म्हटलं असतं. पण कार्डासोबत मॅकही आला, आणि त्या मॅकवर 'बिल्ड' लागलेलं होतं.

रिमोट कन्सोल (मशीनची स्क्रीन दुरून बघायची सोय) उघडला तर इन्स्टॉलर थांबलेला. किकस्टार्टच्या प्री भागात मी एक तपासणी घातली आहे: इन्व्हेंटरीत (मशीन्सच्या नोंदवहीत) त्या मॅकसमोर लिहिलेला सिरीयल नंबर आणि मशीनच्या फर्मवेअरमधून (त्याच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरमधून) वाचलेला सिरीयल नंबर जुळले नाहीत, तर तिथेच थांबायचं. प्री भाग पार्टिशनच्या आधी चालतो, म्हणून डिस्कला धक्का लागला नव्हता. त्यावर 'एररऑनफेल' मात्र लावावंच लागतं. नाहीतर स्क्रिप्ट नापास झाली तरी इन्स्टॉलर खुशाल पुढे जातो. हे बरेच जण विसरतात. रिव्ह्यूमध्ये आमचे आर्किटेक्ट याच तपासणीला "एवढं कशाला?" म्हणाले होते.

तो मॅक इन्व्हेंटरीत पगाराच्या मशीनच्या नावावर केला, 'लोकल' लावलं, रीस्टार्ट केलं. डेटाबेस उठला.

दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये सगळे त्या पोरावर घसरले. पार्ट बदलण्याच्या फॉर्मवर पार्ट नंबर, रॅक आणि सहीचे रकाने आहेत, मॅकचा नाहीच. त्याने काय भरायचं होतं? क्लायंटचा एक प्रश्न मात्र डोक्यातून जात नाही: चालू मशीनने दर वेळी नेटवर्कला विचारून उठायचं तरी कशाला? डिस्क पहिली ठेवून, रीबिल्ड करायचं असेल तेव्हाच आयपीएमआयने (सर्व्हर दुरून हाताळायची पद्धत) 'यावेळी नेटवर्कवरून उठ' असं सांगता येतं. पण त्यासाठी प्रत्येक मशीनच्या बीएमसीत (हे आदेश घेणारा मशीनमधला वेगळा छोटा कंप्युटर) लॉगिन व्हायला हवं, आणि जुन्या काही मशीन्सचे पासवर्ड कोणाकडेच नाहीत. मीटिंगमध्ये हे कोणी काढलं नाही.

तिकीट 'नो इम्पॅक्ट' म्हणून बंद झालं. हीच तपासणी दुसऱ्या साइटच्या टेम्प्लेटमध्ये घालायची विनंती मी पाठवली आहे. ती बदलांना मंजुरी देणाऱ्या चेंज बोर्डाकडे पडून आहे.