फक्त एक शब्द

परभाषेतल्या चित्रपटांना मराठी सबटायटल्स लिहिणं हा माझा धंदा. नियम साधा आहे: पडद्यावरचा माणूस जेवढा वेळ बोलतो, तेवढ्यातच प्रेक्षकाचं वाचून झालं पाहिजे. म्हणून ओळी दोनच, त्याही आखूड. लोकांना वाटतं की कोर्टातली भाषणं किंवा म्हाताऱ्या तत्त्वज्ञांची स्वगतं अवघड जात असतील. ती नाही जात. शब्दकोश घेऊन बसलं की ती मुकाट्यानं वठणीवर येतात. छळतो तो एकच शब्द. इंग्रजीत चार अक्षरांचा, मराठीत दोनच. फक.

लिहून टाकला. आता पुढे दर वेळी फुल्या मारत बसणार नाही. फुल्या पाहिल्या की वाचणारा तो शब्द मनातल्या मनात अधिकच ठणकावून वाचतो, हा माझा अनुभव आहे. शिवाय आपण मराठी माणसं ‘फक्त’ हा सोज्वळ शब्द दिवसातून पन्नासदा वापरतो. त्यातला शेवटचा ‘त’ घाईत गिळला गेला, तर शेजारी बसलेल्या इंग्रजाची काय अवस्था होत असेल? बिचारा ‘फक्त’ अरबी-फारसीतून आला आहे. त्याचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नाही. ‘फक्कड’चाही नाही, जरी एखादी गोष्ट फक्कड जमली की इंग्रज नेमका त्याच शब्दानं दाद देत असला तरी.

या धंद्यात नवा होतो तेव्हा माझी योजना सोपी होती. या शब्दाला एक दणकट मराठी प्रतिशब्द शोधायचा आणि सगळीकडे तोच चिकटवायचा. चित्रपट दरोड्याचा होता. पहिल्याच प्रसंगात तिजोरी उघडते आणि नोटांच्या थप्प्या बघून एक चोर तो शब्द उच्चारतो. मी लिहिलं, ‘आयला!’ छान बसलं. पुढच्याच मिनिटाला कळतं की नोटा खोट्या आहेत. दुसरा चोर तोच शब्द म्हणतो. इथे ‘आयला’ चालेना, ‘वाट लागली’ लिहिलं. तिसरा त्याला म्हणतो की सगळी माती तू केलीस; मुळात त्या वाक्यातली मातीही त्याच शब्दाची. दुसरा उत्तर देतो, ‘गेलास उडत’. म्होरक्या ओरडतो, ‘काय चाललंय काय?’ कोपऱ्यातला पोरगा म्हणतो, मला घंटा काही माहीत नाही. एक जण म्हणतो, माझ्या वाकड्यात शिरू नकोस. आणि शेवटी, खऱ्या नोटा दुसऱ्याच खोलीत सापडल्यावर सगळे एकमेकांना मिठ्या मारत म्हणतात, ‘जाम भारी!’

आनंद, नाश, बेपर्वाई, धमकी, अज्ञान, कौतुक. मराठीत मला डझनभर शब्दांची कुमक मागवावी लागली. त्यांनी सगळं एकाच शब्दात उरकलं होतं. शब्दकोशात त्याचा जो पहिला अर्थ दिलेला असतो, स्त्री-पुरुष संबंधाचा, तो मात्र त्या चित्रपटात एकदाही आला नाही. ज्या एका प्रसंगात तो लागू पडला असता, तिथे पात्रं काहीच बोलली नाहीत.

मग मला प्रश्न पडला की या शब्दाला अर्थ आहे तरी का? ‘व्हॉट द फक इज धिस’ हे वाक्य घ्या. व्याकरणाच्या तासाला ते कुणालाही सोडवता येणार नाही. ‘काय’ आणि ‘आहे’ यांच्या मध्ये हा कशासाठी येऊन बसला? उत्तर मिळतं ते त्याच्या जुन्या भावंडांकडे पाहिलं की. आधी म्हणत, ‘व्हॉट द डेव्हिल’. मग ‘व्हॉट द हेल’. सैतान गेला, नरक आला, मग त्या जागेवर हा येऊन बसला. ‘फॉर गॉड्स सेक’, म्हणजे देवासाठी तरी, यातला देव उठवून त्याच्या जागी हाच बसला. ‘आय डोन्ट गिव्ह अ डॅम’ मधल्या शापाला बाजूला सारून हाच. ‘डॅम यू’ म्हणजे देव तुला नरकात घालो, तिथेही हाच. एकेकाळी देव, सैतान आणि नरक ज्या खुर्च्यांवर बसत, त्या या शब्दानं बळकावल्या आहेत. म्हणूनच तो असा बिनअर्थाचा वाटतो. खुर्ची दुसऱ्याची आहे, हा फक्त बसला आहे.

जेम्स मॅकॉली नावाच्या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात यावर एक निबंध लिहिला. ‘फक यू’ ही आज्ञा नाहीच, असं त्याचं म्हणणं. आज्ञा असती तर, ‘स्वतःला धू’ या अर्थी इंग्रजीत जसं ‘वॉश युवरसेल्फ’ होतं तसं, इथेही ‘युवरसेल्फ’ यायला हवं होतं. येत नाही. आणि ‘भांडी घास आणि फक यू’ असं जोडवाक्यही कुणी करत नाही. युक्तिवाद बिनतोड आहे. निबंध मात्र त्यानं स्वतःच्या नावानं लिहिला नाही. लेखक म्हणून क्वांग फुक डाँग असं व्हिएतनामी नाव लावलं आणि संस्थेचं नाव दिलं साउथ हनोई इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. अशी संस्था नाही. तिची इंग्रजी आद्याक्षरं जुळवून पाहा, दुसरी शिवी तयार होते. व्याकरणकार लोक रुक्ष असतात असं ज्यांना वाटतं, त्यांना मी ही गोष्ट आवर्जून सांगतो.

इंग्रजीत ‘स्वेअर’ म्हणजे शपथ घेणं आणि ‘स्वेअर’ म्हणजेच शिवी देणं. एकच क्रियापद. मध्ययुगातली खरी शिवी देवाच्या नावाची असे. देवाच्या जखमांची, रक्ताची शपथ घेणं म्हणजे भयंकर पाप. ‘गॉड्स वूंड्स’ असं उघड म्हणायची भीती, म्हणून लोक ‘झूंड्स’ म्हणत. रंगमंचावर देवाचं नाव वावगं घेतलं तर दहा पौंड दंड, असा कायदा इंग्लंडच्या संसदेनं १६०६ साली केला. अंगाच्या अवयवांचे आणि क्रियांचे शब्द त्या मानानं जुन्या काळात स्वस्त होते. पुढे देवाची भीती ओसरत गेली, शरीराची लाज वाढत गेली, आणि खुर्च्या रिकाम्या होऊ लागल्या.

आपल्याकडे शपथ आणि शिवी हे शब्द वेगळे, पण खुर्ची तिथेही एकच आहे आणि ती आईची. ‘आईशप्पथ’ म्हणजे अगदी खरं. ‘आयला’ म्हणजे आश्चर्य. ‘च्यायला’ म्हणजे ‘तुझ्या आईला’ हे वाक्य धुऊन-पुसून, पुढचं क्रियापद गाळून घरात आणलेलं. भल्या घरातली माणसं तो बिनदिक्कत वापरतात, कारण त्यात काय गाळलं आहे याचा त्यांना विसर पडला आहे. इंग्रजीत ‘फ्रिगिंग’, ‘फ्रीकिंग’, ‘एफिंग’ ही असलीच धुलाई. माझी आजी आम्हाला ‘मेल्या’ म्हणायची, तेही जवळ घेताना. त्यातला मृत्यू कुणाला ऐकू यायचा?

या शब्दाचं मूळ शोधू गेलं की एक दंतकथा हटकून आडवी येते. राजाच्या परवानगीशिवाय प्रजेनं संग करायचा नाही, परवानगी मिळाली की दारावर पाटी लावायची, ‘फॉर्निकेशन अंडर कन्सेंट ऑफ द किंग’, त्याचं हे लघुरूप. मलाही ही माहिती किमान चार जणांनी अत्यंत गंभीरपणे दिली आहे. कथा रंगतदार आणि साफ खोटी. लघुरूपांपासून शब्द पाडण्याची हौस प्रामुख्यानं विसाव्या शतकातली. हा शब्द त्याच्या कित्येक शतकं आधीचा, जर्मन-डच कुळातला. आजच्या डचमध्ये ‘फोकन’ म्हणजे गुरांची पैदास करणं. तिथला पशुपालक हे क्रियापद मान खाली न घालता वापरतो.

इंग्लंडमधल्या चेस्टरच्या १३१०-११ च्या न्यायालयीन नोंदींत एका फरारी माणसाचं नाव सापडतं: रॉजर फकबायदनेव्हल. म्हणजे बेंबीशी खटपट करणारा रॉजर. बहुधा त्याच्या अज्ञानावरून गावानं पाडलेलं टोपणनाव. सातशे वर्षं झाली, त्याचा गुन्हा काय होता याच्याशी कुणाला देणंघेणं नाही, नाव तेवढं राहिलं. त्यानंतर पंधराव्या शतकात केंब्रिजच्या मठातल्या साधूंची टर उडवणारी एक कविता आहे, अर्धी लॅटिन, अर्धी इंग्रजी. हे साधू स्वर्गात जाणार नाहीत, कारण ते शेजारच्या ईली गावच्या बायकांशी संग करतात, असा मजकूर. पण ती ओळ सांकेतिक लिपीत आहे. प्रत्येक अक्षराच्या जागी वर्णमालेतलं पुढचं अक्षर. म्हणजे या शब्दाच्या अगदी सुरुवातीच्या लेखी पुराव्यांपैकी एक फुल्या मारूनच आलेला आहे.

कोशकारांनी तर त्याला बराच काळ वेशीबाहेर ठेवलं. जॉन फ्लोरिओनं १५९८ च्या इटालियन-इंग्रजी कोशात तो घेतला होता. सॅम्युअल जॉन्सननं १७५५ च्या आपल्या इंग्रजी कोशातून गाळला. ऑक्सफर्डच्या महाकोशात ‘फ’ची पानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला निघाली, तेव्हा कुठल्या कोपऱ्यातल्या गवताची नावं आली, हा नाही. आला तो १९७२ च्या पुरवणीत. शिकलेल्या माणसांनी सत्तर-पंच्याहत्तर वर्षं असा आव आणला की हा शब्द त्यांनी ऐकलेलाच नाही.

आणि शरीराला तो पाठ. मेंदूला इजा होऊन ज्यांची वाचा जाते, साधं वाक्य जुळवता येत नाही, अशांपैकी काहींच्या तोंडून शिव्या मात्र स्वच्छ बाहेर पडतात. नेहमीच्या बोलण्याच्या वाटेनं त्या येतच नाहीत, मेंदूच्या अधिक जुन्या, भावनेच्या कप्प्यांतून येतात. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ रिचर्ड स्टीव्हन्स यांनी २००९ साली लोकांना बर्फाळ पाण्यात हात बुडवून ठेवायला लावले. शिवी घोकणाऱ्यांचे हात जास्त वेळ टिकले. या कामाला २०१० साली इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिलं जाणारं गमतीचं नोबेल, मिळालं, तेही शांततेचं. पुढे त्यांनी दोन बनावट शिव्या रचून पाहिल्या, ‘फाउच’ आणि ‘ट्विझपाइप’. ऐकायला झणझणीत, उपयोग शून्य. हात तेवढ्याच वेळात बाहेर. आणि जे दिवसभर शिव्या देत असतात त्यांना या औषधाचा गुण कमी येतो, असंही त्यांना आढळलं. म्हणजे शिवी जपून वापरावी हे वडीलधाऱ्यांचं म्हणणं बरोबर होतं. कारण मात्र त्यांनी चुकीचं दिलं होतं. (गंमत अशी की चेस्टरच्या रॉजरला कागदांतून शोधून काढणारे इतिहासकारही कीलचेच. त्या विद्यापीठाचं वातावरण कसं असेल?)

सबटायटल लिहिणाऱ्याला सर्वांत जास्त रडवतो तो या शब्दाचा शब्दाच्या पोटात घुसण्याचा प्रकार. ‘ॲब्सो-फकिंग-ल्यूटली’. कुठेही घुसत नाही तो. बोलताना शब्दातल्या ज्या अक्षरावर जोर, त्याच्या बरोबर आधी. ‘ॲब-फकिंग-सोल्यूटली’ असं कुणी इंग्रज म्हणत नाही, आणि हा नियम त्याला कुठल्या शाळेनं शिकवलेला नसतो. यावर मी आठवडाभर अडलो होतो. मग एकदा लक्षात आलं की इंग्रजीला ‘च’ नाही. आपण ‘मला माहीतच आहे’, ‘हाच तो’, ‘जाणारच’ असं म्हणतो तेव्हा एका अक्षरात जो ठोसा बसतो, तो मारायला त्यांच्याकडे अक्षर नाही. म्हणून ते बाजारातला सगळ्यात जड दगड उचलून आणतात. तेव्हापासून माझ्या सबटायटल्समध्ये या शब्दाचं निम्मं भाषांतर ‘च’ असं असतं. कुणाच्या लक्षातही येत नाही. पात्र दहादा शिवी हासडतं आणि खाली वाचणाऱ्याला वाटतं, बोलण्यात ठाम आहे हो माणूस.

ऑस्ट्रियात फकिंग नावाचं एक खेडं होतं. त्याच्या नावाचा इंग्रजीशी काही संबंध नव्हता, पण इंग्रजी बोलणारे प्रवासी गावाची पाटी उखडून नेत. शेवटी गाव थकलं आणि १ जानेवारी २०२१ पासून त्यानं नाव फुगिंग करून घेतलं. मराठी प्रवाशांच्या दृष्टीनं यात फारसा फायदा झालेला नाही.

परवा एका चित्रपटाचं काम संपवलं. शेवटच्या प्रसंगात एक आडदांड गुंड, हयातभर माणसं मारलेला, फोनवर काहीतरी ऐकतो. खुर्चीत बसतो. आणि अगदी हळू, जवळजवळ श्वासात, तो शब्द म्हणतो. एकदाच. ‘वाट लागली’ लिहून पाहिलं, खोडलं. ‘गेलं सगळं’, खोडलं. ‘च्यायला’ लिहिलं तेव्हा माझं मलाच हसू आलं. शेवटी ‘आई गं’ लिहिलं आणि पाठवून दिलं.

तासाभरानं तपासणाऱ्या बाईंचा फोन आला. आम्ही बरीच वर्षं एकत्र काम करतो, पण अजून अहो-जाहोच.

“अहो, हा एवढा राक्षस ‘आई गं’ म्हणेल का?”

“मॅडम, दारात बोट चेमटलं की तुम्ही काय म्हणता?”

पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही.

“ते पडद्यावर चालणार नाही,” त्या म्हणाल्या.